मदत हवी आहे : फिरत्या कबुतर डिकॉयसाठी बॅटरी कुठली घेऊ?
इंग्लंडमध्ये लिंकनशायरला असतो, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रेपसीडवर (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) वुडपिजन, म्हणजे रानटी कबुतरं, तुटून पडतात म्हणून आम्ही फिरतं डिकॉय (खऱ्या कबुतरांना भुलवून जवळ आणणारं नकली पक्ष्यांचं यंत्र) लावतो, दोन दांड्या, टोकाला प्लास्टिकची कबुतरं, १२ व्होल्टची मोटर. आत्ता ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लेड ॲसिड बॅटरी आहे, अडीच किलोचं धूड चिखलातून नेताना खांदा निघतो, वर थंडीत तीन तासांत दांड्या पेंगायला लागतात. टर्मिनल घासले, रात्रभर चार्ज केली, स्पीड कमी केला, फरक शून्य. मोटर साधारण १ अँपिअर खाते, सहा तास हवेत, बजेट ६० पाउंड. आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतोय, चार्जर वेगळा लागतो ते माहितीय, चार्जिंग घरातच करणार. ७ एएच काठावरच पुरेल, मग १२ एएचची घेऊ का? आणि मोटर सुरू होताना झटक्यात जास्त करंट ओढते तेव्हा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) ट्रिप होऊन बॅटरी बंद पडते का, कुणी वापरलीय?