शाश्वतता व्यवस्थापनाचे शिक्षण : सुरुवात जिनिंगपासून व्हावी

शाश्वतता व्यवस्थापन, म्हणजे उद्योगाचा पर्यावरणावर आणि माणसांवर होणारा परिणाम मोजून सांभाळणे, हा मुंबई-पुण्याच्या संस्थांचा विषय आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पांढरकवड्याच्या महाविद्यालयांना त्याचे काय, असे म्हटले जाते. हे मत मला पटत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, आणि त्यातले प्रश्न पुरवठा साखळीत मागे मागे नेले, तर कापड कंपनीचा प्रश्न शेवटी आमच्या यवतमाळच्या धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, येऊन थांबतो.

दिवाळीनंतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभे राहून पाहावे. मेटाडोर रिकामी होते, पाच-सहा गावांचा कापूस एकाच गंजीत पडतो, आणि सरकी काढलेल्या रुईची गठाण बांधली जाईपर्यंत कोणत्या शेतात किती फवारण्या झाल्या, वेचणाऱ्या बायांना किलोमागे काय मिळाले, ही माहिती कायमची पुसली जाते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे या नोंदींना कागदी सोपस्कार समजणे मला मान्य नाही.

जर्मनीतील ल्यूनेबुर्ग विद्यापीठाने २००३ मध्येच शाश्वतता व्यवस्थापनाचे एमबीए सुरू केले. तो अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. अमरावती विद्यापीठाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन वेचणीपासून गठाणीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावा, आणि मजुरीची माहिती मुकादमाकडून न घेता वेचणाऱ्या बायांकडूनच घ्यावी.