रजिस्ट्री साफ केल्याने संगणक खरंच वेगवान होतो का?

निळापडदा
विंडोजवरून प्रोग्रॅम काढला तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या साठ्यात, त्याच्या काही नोंदी मागे राहतात. त्या शोधून पुसणारं टूल, म्हणजे रजिस्ट्री क्लीनर, चालवला की '८१२ त्रुटी सापडल्या' असं लाल अक्षरांत येतं आणि त्या पुसल्या की संगणक पळेल असं सांगितलं जातं. माझ्या मते वेगात काडीचाही फरक पडत नाही. रजिस्ट्री कोणी पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. प्रोग्रॅम हवी ती की (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) पूर्ण मार्ग देऊन मागतो, आणि प्रत्येक पातळीवरच्या सबकी, म्हणजे आतले कप्पे, नावानुसार लावलेल्या असल्यामुळे ती लगेच सापडते. जी नोंद कोणी मागतच नाही, ती कोणाचा वेळही खात नाही. आकार म्हणाल तर ८१२ नोंदी, प्रत्येकी फार तर काहीशे बाइट. अर्धा एमबीसुद्धा भरत नाही. शिवाय नोंद पुसली तरी हाइव्ह फाइल (रजिस्ट्री डिस्कवर जिच्यात साठते ती) लगेच लहान होत नाही, आतली जागा फक्त मोकळी म्हणून राहते.

दख्खनी_सिस्टिम
असहमत. कोणीच वाचत नाही अशा नोंदींबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण काही नोंदी विंडोज स्वतःहून वाचतं. राइट-क्लिकच्या मेनूत भर घालणारे शेल एक्स्टेन्शन घ्या. त्यातला एखादा मार्ग बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हकडे बोट दाखवत असेल तर उत्तराची वाट बघत मेनू कित्येक सेकंद अडकतो. रन की (लॉगिनला आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी), सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्रॅम) आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामं चालवणारं) यांतली उरलेली कामंही तशीच. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट निघालेला अँटिव्हायरस. त्याचा फिल्टर ड्रायव्हर (फाइलींची ये-जा मध्येच तपासणारा) मागे राहिला तर प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतो. जुनी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर हे सहज जाणवतं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएलटीएमसी' (fltmc) चालवा, लोड झालेल्या फिल्टरांची यादी समोर येईल.

निळापडदा
तुमचं शेवटचं उदाहरण माझीच बाजू मांडतं. तो ड्रायव्हर चालू आहे, त्याची फाइल डिस्कवर आहे. क्लीनर शोधतो त्या नोंदी, ज्यांची फाइल सापडत नाही. म्हणजे निरुपद्रवी ते पुसलं जातं आणि त्रास देणारं जागेवरच राहतं. त्या अँटिव्हायरसवर उपाय एकच: त्याच्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल, शक्यतो सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू करून.

टाइपरायटर_ते_टॅब
तुम्ही दोघं फक्त सेकंद मोजताय. अनइन्स्टॉल कीमध्ये (बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत) जुनी नोंद अडकली तर काही इन्स्टॉलर 'आधीची आवृत्ती आहे' म्हणून पुढेच जात नाहीत. रन कीमधल्या मेलेल्या मार्गामुळे कधी लॉगिनला एररची खिडकी येते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हेही कामगिरीतच बसतं. बॅकअप घेऊन क्लीनर चालवण्यात गैर काय? विंडोज ९८ मध्ये तर रजिस्ट्रीतली मोकळी जागा काढायला मायक्रोसॉफ्टचंच 'स्कॅनरेग' होतं.

निळापडदा
९८ ची रचनाच वेगळी होती, तो दाखला आज लागू पडत नाही. आणि अडलेली एक नोंद काढायला आठशे नोंदींवर हात का टाकायचा? एमएसआय इन्स्टॉलरच्या (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीच्या) कंपोनंट नोंदी, म्हणजे प्रोग्रॅमच्या भागांच्या नोंदी, चुकून पुसल्या गेल्या की धडधाकट प्रोग्रॅमही उघडताना 'कॉन्फिगर होत आहे' म्हणत दुरुस्तीला बसतो. पुढे अपडेट नापास होतो, कधी अनइन्स्टॉलही. बॅकअपचं म्हणाल तर बरेच जण रेगबॅक फोल्डरवर विसंबतात, जिथे विंडोज रजिस्ट्रीची प्रत ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथला आपोआप बॅकअप बंद आहे, फाइली ० केबीच्या दिसतात. आणि २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत मालवेअर घुसवलं गेलं होतं, हेही विसरू नका. रजिस्ट्रीला हात घालणाऱ्या टूलला अ‍ॅडमिनचे हक्क द्यावेच लागतात.

दख्खनी_सिस्टिम
क्लीनर नको, हे मान्य. 'साफसफाईने फरक पडत नाही' हे अजूनही अमान्य. ती हाताने, निवडून करा. आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येईल अशी खूण. मग मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं टूल) अ‍ॅडमिन म्हणून उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. फाइल न सापडलेल्या ओळी पिवळ्या दिसतात. त्या लगेच डिलीट करू नका, टिक काढा, रीस्टार्ट करा, आठवडाभर वापरा, मग पुसा. फक्त पिवळ्यांवर थांबू नका. काढलेल्या प्रोग्रॅमच्या ज्या सर्व्हिसेस आणि ड्रायव्हर अजून चालू आहेत, त्याच वेळ खातात.

फरक पडला का ते अंदाजाने ठरवू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल इथे इव्हेंट १०० बघा. बूटला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. १०२ रेंगाळलेला ड्रायव्हर दाखवतो, १०३ सर्व्हिस. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही, म्हणून शटडाउन करून मोजू नका, रीस्टार्टच करा.

एकच सावधगिरी: अपरफिल्टर्स व्हॅल्यू (उपकरणाच्या ड्रायव्हरांची नावं असलेली नोंद) आख्खी उडवू नका. कीबोर्डच्या क्लासमधून 'केबीडीक्लास' हा कीबोर्डचा ड्रायव्हर गेला तर लॉगिनला पासवर्डच टाइप करता येत नाही.