'बार्द'ला मराठीत काय म्हणावं?

कोरांटी
मध्ययुगीन वेल्श काव्यावरच्या एका लेखाचं मराठी करतेय आणि 'बार्द' या शब्दापाशी अडलेय. साधारण ११०० पासून १२८२ पर्यंत, म्हणजे राजा लिवेलिन आप ग्रिफिद मारला जाईपर्यंत, वेल्श राजांच्या पदरी हे कवी असत. मी 'भाट' लिहिलं, संपादकबाईंनी 'राजकवी' केलं. काय ठेवू?

अनुस्वार
राजकवीच. 'भाट' म्हटलं की आज भाटगिरी आठवते.

दवबिंदू
पण १२८२ नंतर राजेच उरले नाहीत आणि बार्द तर होतेच! उमरावांच्या वाड्यांवर फिरत, आदरातिथ्य घेत, कवनं म्हणत. दाविद आप ग्विलिम चौदाव्या शतकातला. त्याला कुठल्या राजाचा कवी म्हणणार?

खडूफळा
शिवाय दरबारातही कवी एकाच प्रकारचा नव्हता. हवेल दा या वेल्श राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत 'पेनकेर्द' आहे, आसन जिंकलेला मुख्य कवी. तो आधी देवाचं, मग राजाचं कवन गातो. त्यानंतर 'बार्द तेइली'. आजच्या वेल्शमध्ये तेइली म्हणजे कुटुंब, पण कायद्यात राजाची शिबंदी. 'कुटुंबाचा कवी' असं कुठे आलं असेल तर आधी ते काढा. राणीला तिच्या दालनात गाणं हवं असेल तर बार्द तेइलीनं ते हळू आवाजात म्हणावं, दरबाराला व्यत्यय नको, असंही कलम आहे. फार आवडतं मला ते.

पाणकोंबडी
बार्द आणि भाट मुळात एकच शब्द नसेल? ऐकायला किती जवळचे आहेत.

खडूफळा
नाही. भाट आला 'भट्ट'वरून. बार्दचा धातू स्तुती करणे या अर्थाचा, संस्कृतात तोच 'गॄ', गृणाति. केल्टिकमध्ये तिथे 'ब' झाला. आपली 'गो' आयरिशमध्ये 'बो' होते, तसंच. नातं लावायचंच तर 'गिरा'शी, म्हणजे वाणीशी लावा.

अनुस्वार
मग 'स्तोता' म्हणा. शुद्ध आणि व्युत्पत्तीलाही धरून.

कोरांटी
स्तोता देवापुढे उभा राहतो हो. लिवेलिनवरचं ग्रिफिद अब अर अनाद कोखचं विलापकाव्य वाचा. वारा-पाऊस दिसत नाही का तुम्हाला, ओक एकमेकांवर आदळताना दिसत नाहीत का, असं विचारतो तो. ही नुसती स्तुती नाही. आणि आणखी एक, 'कंगहानेद'चं, म्हणजे वेल्श ओळीतल्या ध्वनींच्या ठरावीक बांधणीचं, बाईंनी 'अनुप्रास' केलंय.

दवबिंदू
ते तर अगदीच तोकडं! कंगहानेदच्या एका प्रकारात ओळीच्या पहिल्या अर्ध्यातली व्यंजनं दुसऱ्या अर्ध्यात त्याच क्रमानं येतात, स्वर बदलतात. मराठीत ढोबळपणे 'सरिता सुरात' असं काहीतरी. स-र-त, स-र-त. अशी सगळी कविता बांधून बघा.

अनुस्वार
याला आपल्याकडे नाव आहे. छेकानुप्रास: अनेक व्यंजनांची त्याच क्रमानं एकदा आवृत्ती. परके शब्द घेण्याआधी आपलं अलंकारशास्त्र तरी उघडावं.

दवबिंदू
छेकानुप्रास हा अलंकार आहे. घातला तर शोभा, नाही घातला तरी कविता उभी राहते. दाविदच्या काळीही काही ओळी मोकळ्या सुटत, पण पंधराव्या शतकापर्यंत कंगहानेद ओळीओळीला सक्तीचं झालं. नियमाला अलंकाराचं नाव कसं देता?

अनुस्वार
मग 'नियत छेकानुप्रास' म्हणा. अडलंय कुठे?

दवबिंदू
वाचक अडेल. आपण गझल, हायकू जसेच्या तसे घेतले, त्यानं मराठी बुडाली नाही.

पाणकोंबडी
बार्द वंशावळीही सांभाळत ना? आमच्या कोल्हापूरकडे हेळवी येतात. कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवतात, त्यांना धान्य द्यायचं. माझी आजी त्यांना कधीच भिकारी म्हणू द्यायची नाही. 'हेळवी' का नाही चालणार?

खडूफळा
हेळवी पिढ्या सांगतात, पण बार्दसारखं छंदाचं कडक शिक्षण त्यात कुठे येतं? तुमच्याकडचे वहीतून वाचतात की तोंडपाठ म्हणतात?

पाणकोंबडी
वही असते, पण पहिल्या काही पिढ्या न बघता. सांगलीकडचं कोणी आहे का इथे? तिकडे कसं असतं?

कोरांटी
मंडळी, बार्दचं काय करू? सोमवारी मजकूर द्यायचाय.

अनुस्वार
स्तोता.

दवबिंदू
बार्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. पाणकोंबडी, मिरजेकडेही येतात हेळवी, आमच्याकडे बैल घेऊन यायचे.