शब्दचर्चा: छायाचित्राची ‘प्रत’ म्हणावी की ‘छाप’?

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनच्या ‘द फ्लॅटआयर्न’ (१९०४) या, न्यूयॉर्कमधल्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या संध्याकाळच्या छायाचित्राची संग्रहालयातली नोंद मराठीत आणते आहे. त्यातल्या ‘एक्झिबिशन हिस्टरी’ला ‘प्रदर्शनांचा इतिहास’ म्हटलं तर मोठा ग्रंथ वाटतो. आणि ‘प्रिंट’ला काय म्हणू? छाप, मुद्रित, प्रत?

— पहिल्याला ‘प्रदर्शन-नोंदी’ पुरे. कुठे आणि कधी मांडलं, एवढंच तर त्यात असतं. दुसऱ्या शब्दावर मात्र सगळं अडलंय. या नोंदी छायाचित्राच्या नसतात, प्रतीच्या असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच्या तीन प्रती आहेत. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९३३ साली दिलेल्या. निगेटिव्ह एकच, पण स्टायकनने प्लॅटिनमच्या प्रिंटवर (चांदीऐवजी प्लॅटिनमने उमटवलेल्या छायाचित्रावर) डिंक, पोटॅशियम बायक्रोमेट आणि रंग यांचे थर चढवले. उजेड लागला तिथे थर घट्ट धरला, बाकीचा पाण्यात धुऊन गेला. म्हणून तिघींतली संध्याकाळ निराळी, एक तर चक्क हिरवट निळी! २०१०-११च्या प्रदर्शनात तिथे तिन्ही मांडल्या होत्या. ‘छाप’ म्हटलं की छापखाना आठवतो, एकासारखा दुसरा ठसा. ‘प्रत’ला मागे पोथीची परंपरा आहे. हाताने उतरवलेली प्रत्येक प्रत वेगळी, म्हणून तर पाठभेद निघतात.

— पण आज ‘प्रत’ म्हणजे झेरॉक्स. ‘सत्यप्रत’ म्हटलं की मूळ कागद दुसरीकडेच आहे हे गृहीतच धरलेलं असतं. वाचकाला ही नक्कल वाटेल.

— ही अडचण खरी आहे. मग पहिल्या उल्लेखाला ‘हस्तसंस्कारित प्रत’ लिहा, पुढे नुसतं ‘प्रत’. शिवाय संग्रहालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला नोंद-क्रमांक गाळू नका. यांतल्या एकीचा ३३.४३.३९ म्हणजे १९३३ साल, त्या वर्षातली ४३वी आवक, तिच्यातली ३९वी वस्तू. कागदावरचं काम फार काळ उजेडात ठेवत नाहीत. कुठली प्रत किती महिने भिंतीवर होती हे याच नोंदींवरून कळतं. उजेड सोसते ती प्रत, निगेटिव्ह नव्हे.

— आणि ‘पिक्टोरियलिस्ट’? ‘चित्रवादी’ मला रुक्ष वाटतो.

— ‘चित्रधर्मी’ लिहा. कॅमेऱ्यातून आलेल्या प्रतिमेला चित्राचा धर्म द्यायचा, हाच त्या मंडळींचा ध्यास होता.

— ‘चित्रधर्मी’ घेतला. ‘प्रत’ही ठेवते, क्रमांकासकट. २०२२ साली लिलावात १ कोटी १८ लाख डॉलरला गेलेली प्रत या तिघींपैकी नव्हे, हेही आता एका ओळीत सांगता येईल.