नागपूरच्या एम्प्रेस मिलची आठवण कोणी जपायची, आणि कशी?

बेझनबागचा नातू
गांधीसागरवरून एम्प्रेस मॉलकडे जाताना मुलीने विचारलं, "एम्प्रेस म्हणजे काय?" १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापड मिल इथे सुरू झाली, म्हणून हे नाव, असं सांगितलं. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, म्हणून मिल मुंबईऐवजी नागपुरात. १८८६ ला पेन्शन फंड, १८९५ ला अपघाताची भरपाई. तेव्हा देशात असं क्वचितच कुठे होतं. हे सगळं सांगून झालं आणि जाणवलं, मालकाचं नाव आलं, राणीचं आलं, आजोबांचं आलंच नाही. आमची वस्ती मिलचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्या नावाची. साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, उभं राहणाऱ्यांच्या नावाचा साधा फलक तरी असावा, आणि एक खोली, जिथे त्यांचे पास, फोटो, आवाज जपले जातील. मिल २००२ ला बंद झाली. शेवटच्या पाळीतली माणसंही आता म्हातारी झाली.

बुटीबोरीवाला
भाऊ, भावना पोचली, पण मला हे पटत नाही. मी बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. दर काही महिन्यांनी नवा ठेकेदार, नवा पास. आज कामगाराला युनियनचं नाव काढायची भीती वाटते आणि आपण भोंग्याच्या आठवणी काढायच्या? रुईकरांचा पुतळा आहे ना शहरात. त्यांनी मिल कामगारांची संघटना बांधली, हे माझ्या शिफ्टमधल्या किती पोरांना माहीत आहे? पुतळ्याने जमलं नाही ते खोलीने कसं जमेल?

कोष्टीपुऱ्यातली लेक
मिल म्हणजे फक्त मिलच्या फाटकाच्या आतलं, असं धरू नका. आमच्या घरचे हातमाग मिलच्या सुतावर चालायचे. आजी कांडी भरायची, उरलेल्या वेळात बिड्या वळायची. तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. फलक लावाल तर तिला कुठे बसवाल?

इंदोरा
आणि जात? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आपल्याकडे कोणत्या खात्यात कोण होतं, ते म्हाताऱ्यांना थेट विचारा. ते गाळून केलेली खोली मला नको.

बेझनबागचा नातू
मान्य. आजीचं आणि खात्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. पण बुटीबोरीवाले, तुम्ही म्हणता ते उलटं दिसतं मला. त्या पोरांना रुईकर माहीत नाहीत, कारण कोणी सांगितलंच नाही. युनियन कशी बांधली, पाळी कशी थांबवली, हे सांगणारा माणूस शेजारच्या गल्लीत बसलेला आहे.

बुटीबोरीवाला
मग त्याला खोलीत नेऊ नका, आमच्याकडे आणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात ती पिवळी मारबत, मोठी पुतळी, १८८५ पासून निघते, कारण लोक दरवर्षी ती नव्याने बांधतात आणि सोबतच्या बडग्याच्या, म्हणजे पुतळ्याच्या, गळ्यात त्या वर्षीचं दुखणं लटकवतात. यंदा तान्ह्या पोळ्याला कंत्राटीचा बडग्या काढू. कागद-कामड्या आमच्याकडून.

कोष्टीपुऱ्यातली लेक
मी त्याआधी आजीला रेकॉर्ड करते. ती दुपारी चारनंतर बोलते.