मदत हवी आहे: थंडरबर्डमध्ये क्लिक एका मेलवर, उघडतो भलताच

चार दिवस सांगलीला माहेरी आलेय आणि बाबांनी चहाआधी कॉम्प्युटरच पुढे केला. वय ७४, मोबाइलवर मेल वाचायला साफ नकार, त्यामुळे २०१० पासूनचा सगळा पत्रव्यवहार विंडोजवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये.

इनबॉक्सची यादी नीट दिसते. पण वीजबिलाच्या मेलवर क्लिक केलं की खाली मावसभावाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका उघडते. काही मेल कोरेच. गेल्या आठवड्यात थंडरबर्ड चालू असताना लाइट गेली होती, तेव्हापासून हे सुरू आहे.

खातं पॉपचं आहे आणि मेल उतरवला की सर्व्हरवरून जातो. म्हणजे सोसायटीच्या कन्व्हेयन्सची सगळी पत्रं फक्त याच डिस्कवर. थंडरबर्ड सगळे मेल ज्यात ठेवतो त्या प्रोफाइल फोल्डरमध्ये इनबॉक्स नावाची एकच फाइल ९.२ जीबीची आहे. बाबा नको ते मेल नेमाने डिलीट करतात, मग एवढी कशी फुगली? कॉम्पॅक्ट करू का, असं थंडरबर्ड अधूनमधून विचारतो, "उगाच काही उडालं तर?" म्हणून बाबा दरवेळी नाही म्हणतात. आता मी हो म्हणू का? ३२ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेले, तर तो म्हणतो फाइल फार मोठी आहे!

प्रतिसाद १
कॉम्पॅक्टला अजून हात लावू नका. त्या फाइलमध्ये सगळे मेल एकाखाली एक लिहिलेले असतात आणि कोणता कुठे सुरू होतो याची नोंद शेजारच्या .एमएसएफ फाइलमध्ये असते. तुमची ही अनुक्रमणिका बिघडलेली दिसते, मेल बहुधा शाबूत आहेत. चुकीच्या अनुक्रमणिकेवर कॉम्पॅक्ट केलंत तर चांगले मेलही जाऊ शकतात. बाबांचा हट्ट या वेळी कामी आला म्हणायचा.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा (त्यातलं सगळं पुसलं जाईल), थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर कॉपी करा. त्यानंतर इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. मध्ये काही क्लिक करू नका.

डिलीट केलेल्या मेलवर फक्त खूण होते, जागा सुटते ती कॉम्पॅक्ट केल्यावरच. ते सगळ्यात शेवटी, डिस्कवर भरपूर जागा मोकळी करून.

प्रतिसाद २
अँटीव्हायरसच्या तपासणीतून प्रोफाइल फोल्डर वगळा. एका मेलमध्ये काही सापडलं म्हणून त्याने अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून कोंडून ठेवली, असं माझ्याकडे झालंय. आणि एक साधा यूपीएस घ्या हो!

धागाकर्ती
झालं! रिपेअरला बराच वेळ लागला. कॉलमांची मांडणी बदलली म्हणून बाबांनी कुरकुर केली, पण मुंजीची पत्रिका आपल्या जागी गेली. चार-पाच मेल तपासले आणि मगच कॉम्पॅक्ट केलं, फाइल ३.४ जीबीवर आली. आता बाबांना जुने मेल वर्षवार हवेत. एकेक फोल्डर बनवत बसू का?

प्रतिसाद १
नको. मेल निवडून आर्काइव्ह करा, वर्षाचे फोल्डर आपोआप तयार होतात. एकदम हजारो उचलू नका, थोडे थोडे घ्या. हलवलेले मेलही इनबॉक्सच्या फाइलमध्ये खूण होऊन पडूनच राहतात, त्यामुळे शेवटी पुन्हा एकदा कॉम्पॅक्ट. या वेळी बाबांना हो म्हणायला सांगा.