शब्द कुठे आहे, तेही पाहा

घटनेने समाजवादी असलेल्या देशांच्या यादीत नॉर्वे-स्वीडनलाही घ्यावं, हे मला पटत नाही. तिथल्या कल्याणकारी योजना कायद्यांतून आणि करांतून उभ्या राहिल्या. दोन्ही राज्यघटना राजेशाहीच्या आहेत आणि त्यांत समाजवादाचा उल्लेखही नाही. प्रश्न घटनेचा आहे, तर उत्तर घटनेच्या मजकुरातच शोधायला हवं.

पण घटनेत नुसता 'समाजवादी' हा शब्द सापडला म्हणून भागत नाही. पोर्तुगालचंच बघा. १९७६ च्या घटनेच्या उद्देशिकेत समाजवादी समाजाकडे जाण्याचा मार्ग खुला करण्याचं वचन आहे, आणि ते आजही तसंच आहे. मात्र राष्ट्रीयीकरण मागे घेता येणार नाही, हे कलम १९८९ च्या दुरुस्तीत गेलं. वचन राहिलं, त्याला बांधून ठेवणारी तरतूद गेली! माझ्या दृष्टीने खरा फरक इथेच पडतो. श्रीलंकेच्या तर नावातच 'समाजवादी' आहे, तेही १९७८ पासून, म्हणजे अर्थव्यवस्था खुली करायला सुरुवात झाल्यानंतर. आपल्याकडे ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली तो शब्द उद्देशिकेत आला, पण एकाच पक्षाची सत्ता त्यातून आली नाही.

याउलट चीन, व्हिएतनाम, लाओस, क्यूबा इथे कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्वच घटनेत लिहिलेलं आहे. क्यूबाच्या २०१९ च्या घटनेनुसार तर समाजवादी व्यवस्था बदलताच येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की दोन वेगळ्या याद्या कराव्यात. भारत आणि क्यूबा एकाच रकान्यात बसवले, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.